मुलं नुसती मोजू नका, वाटून घ्या

सहलीच्या आदल्या रात्री मुलं झोपतच नाहीत, असं पालक हसत हसत सांगतात. मीही झोपत नाही, हे मात्र मी त्यांना सांगत नाही.

बदलापुरात मी गेली बरीच वर्षं पाळणाघर चालवते. कुणाची आई अंबरनाथच्या कारखान्यात, कुणाचे बाबा उल्हासनगरच्या दुकानात, बाकीचे सकाळच्या लोकलने मुंबईला. दिवसाचे दहा-दहा तास मूल माझ्याकडे असतं. म्हणून वर्षातून दोनदा तरी त्यांना चार भिंतींबाहेर न्यायचं, असा माझा नेम.

अशीच एकदा आमची सहल अंबरनाथच्या शिवमंदिराला गेली होती. अकरा मुलं आणि आम्ही तिघी : मी, आमच्या मदतनीस ताई आणि हौसेने आलेली एक आई. लोकलने अंबरनाथ, तिथून तीन रिक्षा. उतरल्यावर मोजली, अकरा भरली. शके ९८२ मधलं, म्हणजे इ.स. १०६० चं हे शिलाहारांचं देऊळ. मुलांना सनावळीशी काय देणंघेणं! त्यांना भिंतीवरचे हत्ती हवे होते, आणि पायऱ्या उतरून जावं लागतं तो खोलातला गाभारा. खाऊच्या वेळी पुन्हा मोजली. दहा!

मला वाटत होतं, तो ताईंजवळ आहे. ताईंना वाटलं, त्या आईंनी धरलाय. त्या म्हणाल्या, "मी तर समजले, तो तुमच्याबरोबर गाभाऱ्यात उतरला." सहा-सात मिनिटं गेली असतील. देवळामागे वालधुनीच्या काठाकडे एका फुलवाल्या मावशींनी त्याचा दंड घट्ट धरून ठेवला होता. स्वारी बगळा बघायला निघाली होती. मावशी एवढंच म्हणाल्या, "बाई, पोर कुणाचं म्हणायचं हे?"

तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे. आम्ही तिघीही जाग्या होत्या, गप्पा छाटत नव्हतो. पण आम्ही मुलं मोजली होती, वाटून घेतली नव्हती. लक्ष सगळ्यांचं म्हणजे लक्ष कुणाचंच नाही!

तेव्हापासून निघायच्या आधीच कागदावर नावं लिहिली जातात. चार मुलांमागे एक बाई, तिची मुलं तीच सांभाळणार. दुसरीकडे सोपवायची तर तोंडाने सांगायचं, "हा आता तुझ्याकडे", आणि समोरून "हो, माझ्याकडे" असं आलं की मगच हात सोडायचा. एकीकडे एकही मूल नसतं. पैसे, तिकिटं, फोन, औषधाची पिशवी हे तिचं काम, आणि ती रांगेच्या शेवटी चालते. जागा बदलली की हजेरी : दारात, फलाटावर, गाडीत, रिक्षातून उतरल्यावर. नुसता आकडा नाही, नावं घेऊन. आकड्यात शेजारच्या घोळक्यातलं मूलही खपून जातं.

गाडीही दुपारची, गर्दी ओसरल्यावरची. फलाटावर मुलं भिंतीच्या बाजूला, मोठी माणसं रुळांच्या बाजूला, आणि मुलांच्या हातात गाठी मारलेली दोरी. १७ एप्रिल २०२१ ला शेजारच्या वांगणी स्टेशनात दृष्टिहीन आईचा हात धरून चाललेलं मूल रुळांवर पडलं, समोरून एक्स्प्रेस आली, आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी जिवावर उदार होऊन त्याला वर ढकललं. सारा देश हळहळला, मग आनंदला. बक्षिसातली अर्धी रक्कमही त्यांनी त्या मायलेकरांना दिली. पण प्रत्येक फलाटावर शेळके कुठून आणणार?

पाण्याजवळ मी मुलांना नेतच नाही. कोंडेश्वर, बारवी जवळ असली तरी नाही. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं, बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नाही. "इतकी मुलं बसणार नाहीत," हे काठावर ठामपणे सांगणारं कुणीतरी हवं होतं.

आणि ऑगस्ट २०२४. आमच्याच गावातल्या एका शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० तारखेला लोक रुळांवर उतरले. त्यानंतर कितीतरी आया मला म्हणाल्या, "सहल नकोच." त्यांचं काय चुकलं? मी आणखी नियम वाढवले. शू-शीला मुलाला त्याची ठरलेली बाईच नेणार, दुसरी बाहेर हाकेच्या अंतरावर. गाडीवाला असो की ओळखीचा काका, मूल कुणाच्याही एकट्याच्या ताब्यात नाही. नाव छातीवर नाही; नावाने हाक मारणारा परकाही मुलाला ओळखीचा वाटतो. मनगटाच्या पट्टीवर फक्त आमचा फोन नंबर.

पण सहल बंद नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मूल उघड्यावर शिकतं, हे त्यांनी आपल्याला दाखवून दिलं. आपल्या भीतीपायी मुलाचा बगळा हिरावून घ्यायचा नाही. तो बघताना त्याचा हात कुणाच्या हातात आहे, एवढं ठरवायचं.

म्हणून आईबाबांनो, सहलीचा कागद आला की कुठे जाणार, डब्यात काय द्यायचं, हे विचाराच. पण सही करण्याआधी आणखी एक विचारा : "माझं मूल नेमकं कुणाकडे असणार?" उत्तर "आम्ही सगळे आहोत ना!" असं आलं, तर सही करू नका. एका माणसाचं नाव आलं, तरच करा.