पिन काही निघेना!

दिवाळीच्या आधीचा रविवार. २०१९ सालची गोष्ट. चकलीचा शेवटचा घाणा तळून झाला होता, कढई अजून गॅसवरच होती आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली. कुरिअरवाला! सही केली, सुट्टे पैसे शोधले, शेजारच्या वहिनींशी उभ्या उभ्या दोन शब्द बोलले आणि आत आले, तर कढईतून ज्वाळा निघत होत्या. बघता बघता खिडकीचा पडदा पेटला.

मैत्रिणींनो, आमच्या घरात आग विझवायचं यंत्र होतं बरं का! ह्यांच्या ऑफिसात सुरक्षा सप्ताह झाला, तेव्हा ह्यांनी हौसेनं आणलेलं ते लाल नळकांडं दोन वर्षं फ्रीजशेजारी उभं होतं. झाडताना मी ते रोज उचलून बाजूला ठेवायची. मी धावत जाऊन ते उचललं, मूठ आवळून दाबलं... काहीच नाही. मग आठवलं, पिन काढायची असते. दुसऱ्या हाताने कडी ओढली. निघेना. आणखी जोर लावला. नख तुटलं, पण पिन काही निघेना!

मागच्या अंगणात सोऱ्या धूत बसलेल्या सासूबाई धावत आल्या आणि त्यांनी सरळ हाताने पडदा ओढून खाली पाडला. शेजारचे भाऊजी आले, त्यांनी रेग्युलेटर बंद केला, कढईवर परात उपडी घातली, पडद्यावर ओली चादर टाकली. दोन मिनिटांत सगळं शांत झालं. सासूबाईंचा उजवा तळहात मात्र भाजला तो भाजलाच.

संध्याकाळी ह्यांनी ते यंत्र जमिनीवर ठेवलं आणि दोन बोटांनी पिन अलगद काढून दाखवली. "एवढंसं तर आहे! तुला एवढं जमलं नाही?"

बोलण्यात राग नव्हता, नवलच होतं. पण ते वाक्य मला चार वर्षं पुरलं. सासूबाईंच्या तळहाताची कातडी आखडली, त्यांची मूठ पूर्ण मिटेना. गौरी-गणपतीत मोदकाला कळ्या पाडताना त्यांची बोटं अडखळायची आणि मी मान खाली घालून उकड मळत राहायची. त्या कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. म्हणून तर जास्त लागायचं.

२०२३ च्या उन्हाळ्यात माझी भाची कराडला राहायला आली. पुण्यात ती वस्तूंच्या डिझाइनचं शिकते. डिझाइन म्हणजे साडीवरची नक्षी असं मला वाटायचं. हिचा अभ्यास मात्र बाटलीचं झाकण, बसमधला दांडा, पंपाचा हँडल असल्या गोष्टींचा. तिला प्रोजेक्ट मिळाला होता, 'न शिकवता वापरता येईल असं घरगुती अग्निशमन यंत्र'. ऐकल्याबरोबर माझ्या पोटात खड्डा पडला. रात्री गच्चीवर गाद्या टाकल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती उठून बसली. "मावशी, यंत्र कसं धरलं होतंस? आत्ता धरून दाखव."

मी खाली जाऊन ते घेऊन आले. एका हातात उचललं, दुसऱ्या हाताने कडी धरली. तिने माझी मूठ बघितली आणि म्हणाली, "हे बघ. वरची पट्टी दाबायची, खालची उचलायची. पण दोन्ही एकावर एक, बोटाभराच्या अंतरावर. घाबरलेला माणूस दोन्ही मिळून एकाच मुठीत आवळतो. वरची पट्टी दाबली गेली की ती पिनेवरच दाबते आणि पिन अडकते. तू जितकी घट्ट धरत गेलीस, तितकी ती पक्की होत गेली."

मग ती म्हणाली, "काकांनी काढली तेव्हा यंत्र जमिनीवर होतं. पट्टीवर हात नव्हता, समोर आग नव्हती. घाई तर मुळीच नव्हती."

मी गप्प बसले. चार वर्षांचं ओझं असं एका वाक्यात उतरत नाही, पण हललं खरं.

तिच्या अभ्यासात डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन अभ्यासकाचं १९८८ सालचं एक पुस्तक आहे. रोजच्या वापरातल्या वस्तूंवरचं. त्याचं म्हणणं असं, की ढकलायच्या दाराला ओढायची मूठ लावली, तर माणूस ते ओढणारच. त्यात चूक माणसाची नाही, दार करणाऱ्याची आहे. वस्तूने आपल्या रूपावरूनच सांगावं, मला इथे धर, इकडे फिरव. आपल्या स्वयंपाकघरात अशा वस्तू कितीतरी. चिमटा कुणी शिकवावा लागतो का? पोळपाट-लाटण्याची माहितीपुस्तिका कुणी वाचलीय? हाताला आपोआप कळतं. आग विझवायच्या यंत्राला तर हे सगळ्यात जास्त लागू, कारण ते आयुष्यात एकदाच वापरायचं, तेही हातपाय कापत असताना!

मला एकदम लहानपणचं टॉकीज आठवलं. भिंतीवर ओळीने लाल बादल्या टांगलेल्या असायच्या, आत वाळू. त्यांचं बूड गोल. का? तर जमिनीवर ठेवली की कलंडणार, म्हणजे पुसायला, पाणी भरायला कुणी ती पळवणार नाही! आणि वाळू आगीवर ओतायची, हे पाचवीतल्या पोरालाही सांगावं लागत नव्हतं. त्याच भिंतीवर शंकूसारखी लाल यंत्रंही असायची. त्यांची खुंटी जमिनीवर आपटायची, म्हणजे आतली आम्लाची बाटली फुटून सोड्याच्या पाण्यात मिसळायची, वायू तयार व्हायचा आणि त्या दाबाने पाण्याची धार उडायची. पण ही आपटायची वस्तू आहे, हे कुणाच्या लक्षात येणार? त्या बादलीला शब्दांची गरज नव्हती, या यंत्राला होती. आणि शब्दही इंग्रजीत!

पुढच्या आठवड्यात आमच्याकडे भिशी होती. भाचीने दुकानातून एक रिकामं यंत्र आणलं, पिन आणि सील लावलेलं. चहा झाल्यावर ते मधोमध ठेवून म्हणाली, "समजा, त्या कोपऱ्यात आग लागलीय. विझवा. मी काही सांगणार नाही." आणि वही घेऊन बसली.

काय गंमत झाली म्हणून सांगू! एकीने दाबाचं घड्याळ रेग्युलेटरसारखं फिरवायला घेतलं. एकीने नळी सोडवून नुसतीच आगीकडे धरली आणि पाण्याची वाट बघितल्यासारखी उभी राहिली. एक काकू सूचना वाचायला बसल्या. "अगं, चष्मा कुठाय माझा?" तोवर आग काय थांबते का! आमच्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, सगळ्या गावाला शिस्त लावलेल्या, त्यांनी अगदी माझ्यासारखीच मूठ आवळली आणि अगदी माझ्यासारखीच पिन ओढत राहिल्या. अकराजणींत पहिल्या फटक्यात पिन निघाली ती दोघींची.

सगळ्या हसत होत्या. मी हसता हसता पदराने डोळे पुसले. सासूबाई दारात पाटावर बसून हे बघत होत्या.

मग भाचीने विचारलं, "तुम्हाला कसं हवं?" आणि सूचनांचा पाऊस पडला. "काच पुसायच्या स्प्रेच्या बाटलीसारखं दे. बोटाने दाबायचं, हाताला सवय आहे." "दाबायचं आणि धरायचं वेगवेगळ्या ठिकाणी दे." "दोन किलोचं म्हणतात, पण ती आतली पावडर झाली. डब्यासकट किती जड आहे! वरची मूठ नको, मधे कंबर दे, कळशीसारखी बगलेत धरता येईल." "अक्षरं नकोत, चित्रं दे, मोठी." एक वहिनी म्हणाल्या, "पिन भिंतीलाच बांधून टाक ना! यंत्र खुंटीवरून ओढलं की पिन भिंतीलाच राहील."

भाचीने वहीतून मान वर केली. "हे मला सुचलं नव्हतं!"

पण प्रत्येक सोयीला एक गाठ असते, हेही तिने समजावलं. पिन उगीच नसते. यंत्र पडलं, मुलांनी खेळायला घेतलं, तर ते सुटू नये म्हणून कुलूप हवंच. भिंतीवरून काढताच तयार होणारं यंत्र मुलांच्या हाती लागणार नाही इतकं उंच हवं आणि आजीचा हात पोचेल इतकं खाली. म्हणजे कुलूप काढून टाकायचं नाही, तर घाबरलेला हात जी हालचाल करणारच आहे, त्याच हालचालीत ते उघडायला हवं. डिझाइन म्हणजे हेच असावं. मला तर हे सुनेला संसार शिकवण्यासारखंच नाजूक काम वाटलं!

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. २०१८ साली दक्षिण कोरियात सॅमसंगच्या विमा कंपनीने 'फायरवेस' नावाची फुलदाणी आणली. आत फुलं ठेवायची. बाहेरच्या पोकळ थरात पोटॅशियम कार्बोनेट. आग लागली की उचलून फेकायची, ती फुटते आणि आतला पदार्थ आगीवर पसरतो. पिन नाही, नळी नाही, नुसतं फेकणं! कोपऱ्यात धूळ खात पडायला नको म्हणून रूपही फुलदाणीचं. आणि हा पदार्थ म्हणजे कोण? लाकडाच्या राखेतून निघणारा क्षार! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या जॉर्ज मॅन्बी यांनी हाताने नेता येणारं यंत्र बनवलं, त्या तांब्याच्या भांड्यातही याच क्षाराचं पाणी होतं, वर दाबलेली हवा. दोनशे वर्षांत पदार्थ तोच राहिला, बदललं ते हातात धरायचं रूप.

"पण मावशी, पेटत्या कढईत असलं काही फेकायचं नाही हं," ती म्हणाली. "तेल उडेल." कढईसाठी सगळ्यात सोपं यंत्र आपल्या मांडणीवरच असतं, झाकण नाहीतर परात. हात पोचत असेल तर गॅस बंद, झाकण बाजूने सरकवत वर, आणि तेल गार होईपर्यंत उघडायचं नाही. पाणी तर चुकूनही नाही; तापलेल्या तेलात पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल घरभर उडतं. पावडरचं यंत्र आमच्या पडद्यासारख्या आगीला चांगलं. कढईवर जवळून मारलं तर तेल उडू शकतं, आणि ज्वाळा विझल्या तरी तेल तापलेलंच राहून पुन्हा पेटू शकतं. शेजारचे भाऊजी बिचारे काहीच शिकले नव्हते, पण परात हाताला कळली होती!

भाचीचा नमुना पुठ्ठा आणि प्लॅस्टिकच्या पाइपातून तयार झाला. कंबर असलेला, बोटाने दाबायचा, पिन भिंतीला बांधलेली. तो कॉलेजात दिला. खऱ्या दाबाने भरून, कसोट्या पार करून तो दुकानात यायचा, तर मोठा पल्ला आहे. तोवर घरात आहे तेच यंत्र शहाणं करायचं आम्ही ठरवलं.

आधी त्याची जागा बदलली. भिशीत सगळ्याजणी म्हणाल्या होत्या, "गॅसजवळच हवं." पण आग तिथेच लागली तर हात कसा घालणार? आता ते स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलंय, बाहेर पडायच्या वाटेवर. पिनेच्या कडीला मी पिवळी रिबीन बांधली. शेजारी जाड अक्षरांत कागद चिकटवला, 'खाली ठेव. पट्टी सोड. पिन पिरगाळून काढ. ज्वाळांच्या बुडाशी धर. दाब. झाडू मारल्यासारखं फिरव.' महिन्यातून एकदा घड्याळाचा काटा हिरव्यात आहे ना, ते बघते. नवीन घेताना आयएसआयची खूण आधी बघा. आणि आग आपल्या कमरेच्या वर गेली, धूर कोंडला, तर शूरपणा नको. सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि १०१ किंवा ११२ लावायचा.

गेल्या वर्षी यंत्र पुन्हा भरायची तारीख आली. भाची म्हणाली होती, तसंच भरायला देऊ नका, आधी एकदा चालवून बघा. परसात पालापाचोळ्याचा ढीग केला, वारा पाठीमागून घेतला, नाकाला पदर लावला. दोन किलोचं यंत्र आठ-दहा सेकंदांतच संपतं, म्हणजे फार तर दोघींना मिळणार. भिशीतल्या सगळ्या जमल्या होत्या. मी यंत्र उचलणार, तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर! "आधी मी."

त्यांनी यंत्र खाली ठेवलं. पट्टीला हात न लावता, न मिटणाऱ्या त्या उजव्या हाताची दोन बोटं कडीत घातली, पिरगाळलं आणि पिन ओढली. अलगद निघाली. मग डाव्या मुठीने पट्टी दाबली, नळी ढिगाकडे धरली. फस्स करून पांढरा लोट उठला आणि पाचोळा दिसेनासा झाला.

त्यांनी हातातल्या पिनेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एवढंच होतं होय गं?" त्या म्हणाल्या. "मग त्या मेल्याने तेव्हाच नीट बनवायचं नव्हतं का!"