घट्टच का देतो?

मालवणला स्कूबा डायव्हिंगसाठी सकाळी आठपासून पर्यटकांची रांग लागते. आमचं काम पाण्यात नाही, ताडपत्रीच्या मांडवात सुरू होतं. बांबूवर टांगलेले तीसेक वेटसूट, आणि टेप कुणाच्याच हातात नाही. माणूस आत शिरला की उंची, छाती, पोट नजरेनं तोलायचं आणि सूट उचलायचा. ही नजर मला दिली बोटीवरच्या म्हाताऱ्या तांडेलांनी. त्यांचं एकच पालुपद : “ढिलो नको, घट्ट दी तेका.”

लोकांना मात्र सैलच हवा असतो. दिवाळीच्या सुटीत पुण्याचे एक काका अडून बसले, “गुदमरतंय हो, एक साइझ मोठा द्या.” मी नवखा, दिला. पाणी २८ अंश, खोली जेमतेम सहा मीटर. तरी पंधराव्या मिनिटाला काकांचे हात थरथरायला लागले. मासे बघायचे राहिले, त्यांना वर आणावं लागलं. त्या दिवसाची चुटपुट अजून आहे, कारण चूक माझी होती.

वेटसूट अंग कोरडं ठेवत नाही. आत थोडं पाणी शिरतं, ते अंगाच्या उबेनं तापतं आणि तिथंच राहायला हवं. हवेपेक्षा पाणी शरीराची ऊब पंचवीसेक पट वेगानं ओढून नेतं. काकांच्या सुटात प्रत्येक हालचालीला मानेकडून नवं पाणी येत होतं आणि तापलेलं निघून जात होतं. अंग ओलं राहिलं तरी चालेल, ऊब धरतात ते निओप्रीनमधले वायूचे बुडबुडे, हे १९५१ च्या सुमारास बर्कलीच्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञानं ओळखलं. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

म्हणून आता मी कमरेच्या खळग्यात आणि काखेत हात फिरवून पाहतो. तिथं पोकळी राहिली, तर सूट बदलतो. मग हात वर करायला लावतो, उकिडवं बसवतो, खोल श्वास घ्यायला सांगतो. श्वास पुरा येत असेल तर जमिनीवरचा घट्टपणा पाण्यात जाणवत नाही. पाय अडकला तर पावलाला प्लास्टिकची पिशवी चढवायची, सर्रकन आत जातो.

जाडीचा मोहही नको. आमच्या पाण्याला तीन मिलिमीटर पुरे. एकजण स्वतःचा पाच मिलिमीटरचा घेऊन आला आणि बुडेचना. कमरेला शिशाची वजनं वाढवली. दहा मीटरवर दाब दुप्पट झाला, बुडबुडे आक्रसले, तरंगण्याचा जोर ओसरला, आणि तो भराभर खाली जाऊ लागला. त्याच्या डायव्हिंग जॅकेटमध्ये हवा भरून मी त्याला सावरलं.

संध्याकाळी सगळे सूट गोड्या पाण्यातून काढून सावलीत वाळवतो. गुडघ्याकडचं निओप्रीन चिमटीत दाबून पाहतो. फुगून वर आलं नाही, तर तो सूट मोडीत. तांडेल त्याच्या पट्ट्या कापतात आणि बोटीत सिलिंडर एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मध्ये घालतात.