डॉक्टरला घरी आणताना

साठ वर्षांहून जुनी, साडेआठशेहून जास्त भागांची, मध्ये सोळा वर्षं जवळजवळ बंद पडलेली आणि नायकाचा चेहराच दर काही वर्षांनी बदलणारी मालिका घरच्यांना दाखवायची, तर सुरुवात कुठून करायची? 'डॉक्टर हू'चे चाहते या प्रश्नावर हिरिरीने भांडतात. कुणी म्हणतं 1963 च्या पहिल्या भागापासून, कुणी म्हणतं 2005 साली मालिका पुन्हा सुरू झाली तिथून, तर कुणी आपल्या लाडक्या डॉक्टरपासून. ठाण्यातल्या आमच्या घरात मी हे काम अंगावर घेतलं, तेव्हा ध्यानात आलं की हे तिन्ही सल्ले मालिकेकडे बघून दिलेले आहेत. बघणाऱ्याकडे बघून दिलेला एकही नाही.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉक्टर म्हणवून घेणारा एक परग्रहवासी टार्डिस नावाच्या यानातून काळात आणि अवकाशात भटकतो. हे यान बाहेरून ब्रिटिश पोलिसांच्या जुन्या निळ्या टेलिफोन-पेटीसारखं दिसतं आणि आत शिरलं की अवाढव्य निघतं. सोबत बहुतेक वेळा पृथ्वीवरचं कुणी असतं. मरायची वेळ आली की डॉक्टरचं शरीर बदलतं. माणूस तोच, चेहरा आणि स्वभाव नवा. ही युक्ती गरजेतून निघाली. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, म्हणून 1966 मध्ये त्यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले आणि बदल लपवण्याऐवजी त्याचीच गोष्ट केली गेली. आमच्या सासूबाईंना हे समजावून सांगायची तयारी मी बरीच केली होती. त्यांना ते एका वाक्यात कळलं. "आपल्याकडे नुसती पाटी दाखवतात, यापुढे ही भूमिका अमुक करतील. यांनी निदान कारण तरी दिलंय."

आधी वेळ ठरवावी लागते. बीबीसीने ही मालिका शनिवारी संध्याकाळी ठेवली होती, खेळांचा कार्यक्रम संपल्यावर आणि तरुणांच्या गाण्यांचा सुरू होण्याआधी. मोठे, मुलं आणि आजी-आजोबा एकाच खोलीत सापडतील अशी ती जागा होती. मीही शनिवारच धरला. सातनंतर रिमोट सासूबाईंचा, त्यामुळे सहाचा मुहूर्त. 2005 नंतरचे भाग साधारण पाऊण तासाचे असल्यामुळे ते त्यात बसतात. कुकर आधीच लावून घ्यायचा, कारण शिट्टी मोजायला कुणी उठलं की नेमका तेवढ्यात खुलासा होतो.

मग भाषा. इंग्रजी सबटायटल्स सासरे वाचतात, भाची वाचते. सासूबाईंना तो वेग झेपत नाही. वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत गेलं की कानात माझा आवाज राहतो आणि पडद्यावरचा माणूस मुका होतो. जमलं ते असं: भाग सुरू होण्याआधी कोण कुठे आहे आणि कुणाला काय हवंय एवढंच सांगायचं, मध्ये एकदा थांबवून "कळतंय ना?" विचारायचं, बाकी चेहऱ्यांवर सोडायचं. पंगतीत वाढणाऱ्याने पान बघावं, पातेलं बघू नये. चाहत्याच्या हातातलं पातेलं कायम भरलेलं असतं. डॉक्टरच्या ग्रहाचं नाव, जुन्या युद्धाचा इतिहास, या नटाने आधी काय केलं, हे सगळं विचारल्याशिवाय वाढायचं नाही.

उरली निवड, आणि खरं काम तेच.

नवऱ्याला या मालिकेतल्या राक्षसांचं हसू येतं. विशेषतः डालेकचं. रेमंड क्युसिक यांनी 1963 मध्ये आखलेला हा धातूचा शत्रू आत बसलेला नट चालवतो. त्याचा एक हात म्हणजे बंदूक आणि दुसरा थेट मोरी तुंबल्यावर वापरायच्या रबरी पंपासारखा. अशा माणसाला मी 2005 चा 'डालेक' दाखवला. रॉबर्ट शीअरमन यांनी लिहिलेल्या या भागात अमेरिकेतल्या युटामध्ये, जमिनीखाली, एका धनाढ्य संग्राहकाच्या कोठडीत एकच डालेक साखळदंडात आहे. त्या पंपावर एक पात्र हसतं. आमच्याकडेही हशा झाला. पुढच्या क्षणी तोच पंप त्या पात्राच्या तोंडावर बसतो आणि माणूस गुदमरून मरतो. डालेकला जिना चढता येत नाही हा दुसरा जुना विनोदही हा भाग तसाच मोडून काढतो. थट्टा करणाऱ्याला त्याच्याच थट्टेचं उत्तर देणारा भाग द्यावा. त्याला मालिकेची थोरवी सांगत बसू नये.

सासरे निवृत्त शिक्षक. त्यांच्यासाठी मात्र 1963 चा पहिलाच भाग काढला. कृष्णधवल, पंचवीस मिनिटांचा. लंडनच्या एका शाळेतले दोन शिक्षक, एक विज्ञानाचा आणि एक इतिहासाची, एका विचित्र विद्यार्थिनीचा माग काढत भंगाराच्या आवारात पोचतात आणि तिथे तिचे आजोबा, म्हणजे डॉक्टर, भेटतात. विषयही मुद्दाम निवडलेले होते: भविष्यात गेलं की विज्ञान शिकवायचं, भूतकाळात गेलं की इतिहास. वर्गात ती मुलगी दशमान नाण्यांबद्दल बोलते आणि मग चूक सुधारते की ती अजून सुरू व्हायची आहेत. ब्रिटनमध्ये ती 1971 ला आली. सासऱ्यांनी मला थांबवायला लावलं. "आपल्याकडे 57 सालीच नवे पैसे आले. आणे-पैचा हिशोब आम्ही वर्गात सोडून दिला होता." पुढची दहा मिनिटं डॉक्टर बाजूला राहिला आणि चार आण्यांचे पैसे किती यावर व्याख्यान झालं. मी अडवलं नाही. मालिका अशीच घरात मुरते.

तो पहिला भाग बीबीसीलाही एका दमात जमला नव्हता. आधी चित्रित झालेली आवृत्ती नाट्यविभागप्रमुख सिडनी न्यूमन यांना पटली नाही, तेव्हा तो पुन्हा चित्रित केला. 23 नोव्हेंबर 1963 ला तो दाखवला गेला, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, त्यामुळे पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी तो परत दाखवला.

आठवीतल्या भाचीला भीतीदायक काहीतरी हवं होतं. तिला 'ब्लिंक' दिला. 2007 चा, स्टीव्हन मोफट यांचा. कुणी बघत नसेल तेव्हाच हलणारे दगडी देवदूत; पापणी लवली की ते एक पाऊल पुढे. डेव्हिड टेनंट त्या वेळी दुसऱ्या भागाच्या चित्रीकरणात होते, म्हणून यात डॉक्टर जेमतेम दिसतो आणि गोष्ट कॅरी मलिगनच्या सॅली स्पॅरोची होते. त्यामुळे आधीचं काहीही माहीत असावं लागत नाही. नवख्यांना सर्वांत जास्त सुचवला जाणारा भाग बहुधा हाच. त्याची मर्यादाही तीच: तो अप्रतिम आहे, पण डॉक्टरची ओळख करून देत नाही. भाचीचं म्हणणं एवढंच, "मामी, शाळेच्या आवारात पुतळा आहे. आता मी मागे बघत बघत जाणार."

राहिल्या सासूबाई. त्यांना यंत्रं नकोत, राक्षस नकोत, माणसं हवीत. त्यांचं लहानपण कल्याणचं, आणि शाळेतल्या निम्म्या मैत्रिणी उल्हासनगरच्या, म्हणजे फाळणीनंतर जुन्या लष्करी छावणीत वसवलेल्या सिंधी कुटुंबांतल्या. त्यांच्यासाठी मी 2018 चा 'डीमन्स ऑफ द पंजाब' ठेवला होता. लेखक विनय पटेल. या काळात डॉक्टर आहे जोडी व्हिटकर, त्या भूमिकेतली पहिली स्त्री. तिच्यासोबतची यास्मिन शेफिल्डच्या पाकिस्तानी कुटुंबातली मुलगी. नानी तिला एक फुटकं घड्याळ देते, पण त्याची गोष्ट सांगत नाही. यास्मिन ती बघायला मागे जाते आणि पोचते ऑगस्ट 1947 च्या पंजाबात. तिथे तिची तरुण नानी उंब्रीन, मुसलमान, प्रेम नावाच्या हिंदू तरुणाशी लग्न करायला निघाली आहे. आणि यास्मिनचा नाना तर वेगळाच.

सासूबाईंनी प्रेमच्या धाकट्या भावाकडे बघून पहिल्या काही मिनिटांतच सांगितलं, "हाच घात करणार." रोजच्या मालिकांनी त्यांची नजर तयार केलेली आहे. भागात परग्रहवासी आहेत, आणि ते मारेकरी वाटतात. निघतात वेगळेच: एकट्याने मरणाऱ्यांजवळ उभं राहून त्यांची आठवण ठेवणारे. मारणारी माणसंच असतात. डॉक्टरला सगळं ठाऊक आहे आणि तिला काही बदलता येत नाही. हे मला मराठीत सांगावं लागलं नाही. शेवटच्या नामावलीला नेहमीची धून भारतीय गायकीच्या ढंगात आली तेव्हा सासूबाई बोलू लागल्या. "आमच्या कॅम्पातल्या मैत्रिणींच्या आज्या अशाच होत्या. तिकडचं काही विचारलं की पापड आणि पाणी पुढे करायच्या. कधी बोलल्या नाहीत." सातच्या मालिकेची वेळ टळून गेली होती.

त्यानंतर मी त्यांना मालिकेच्या आरंभाची एक गोष्ट सांगितली. 1963 चा पहिला भाग दिग्दर्शित केला वारिस हुसेन यांनी. जन्म लखनौचा, वय तेव्हा 24. त्यांची आई अतिया हुसेन या लेखिका. लखनौच्या घराची आणि फाळणीच्या काळाची कादंबरी त्यांनी 1961 मध्ये लिहिली होती. म्हणजे पंजाबात पोचायला या निळ्या पेटीला पंचावन्न वर्षं लागली तरी फाळणीची झळ तिच्या निर्मात्यांपैकी एकाच्या घरात पहिल्यापासून होती.

तेव्हा ज्यांना आपली जुनी, लांबलचक, लाडकी मालिका घरच्यांना दाखवायची आहे, त्यांनी आधी माणूस निवडावा आणि मग भाग. क्रम सोडून द्यावा; पाहणाऱ्याला ओढ लागली तर तो क्रम स्वतः लावून घेतो. सगळ्यांना एकच भाग दाखवू नये, विचारल्याशिवाय समजावू नये, आणि कुणी मध्येच उठून गेलं तर मनाला लावून घेऊ नये. आमच्याकडे नवरा अजूनही दर शनिवारी बसतोच असं नाही. सासूबाई बसतात.