पाकीट सगळ्यांचं सारखं

मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या हिशेब विभागात काम करते. 23 वर्षं झाली. पगारपत्रकं, व्हाउचर, बिलं तपासणं यातच दिवस जातो. आज मात्र मी बोलणार आहे ते ऑफिसात कुणासाठी तरी पैसे गोळा करण्याबद्दल.

शाळा असो, बँक असो, दवाखाना असो की पंचायत समिती. ‘त्यांच्या घरी अडचण आहे, काहीतरी करू या’ हे वाक्य तुमच्याही कानांवर आलं असेल. आणि वही घेऊन टेबलाटेबलावर फिरायचं काम बहुतेक वेळा बाईवरच येतं. ‘ताई, तुम्ही गेलात तर कुणी नाही म्हणणार नाही.’ खरंच कुणी नाही म्हणत नाही. खरी अडचण तिथंच सुरू होते. मला हे कळायला एक मोठी चूक करावी लागली. आधी ती सांगते.

आमच्याकडे साफसफाईला ठेकेदाराच्या मावशी आहेत. त्यातल्या एकींच्या नवऱ्याला हृदयविकाराचा झटका आला. खासगी दवाखान्यात दाखल केलं आणि लगेच ऑपरेशन सांगितलं. मी वही काढली. पहिलं नाव आमच्या साहेबांचं, समोर आकडा 5,000. त्याखाली मॅनेजर, त्याखाली इंजिनिअर, आणि खाली उतरत उतरत कँटीनचा पोऱ्या. प्रत्येक जण वरचा आकडा बघायचा, मग आपला लिहायचा. तीन दिवसांत साठ हजारांच्या वर रक्कम जमली. मला फार अभिमान वाटला.

पुढं दोन गोष्टी समजल्या. कँटीनच्या त्या पोऱ्यानं 500 रुपये दिले होते, ते उसने घेऊन. वहीत 50 लिहायची त्याला लाज वाटली. दुसरी गोष्ट मावशींनी स्वतःच सांगितली. महिनाभरानं कामावर आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘ताई, तुमचे उपकार आहेत. पण वहीत वरती माझं नाव मोठ्या अक्षरांत होतं. ज्यांची टेबलं रोज पुसते त्यांच्यापुढं आता मान वर करून कशी बोलू?’

याहून मोठी चूक तर अजून पुढंच होती. दवाखान्याचं बिल आम्ही जमवलेल्या पैशांत भागलं नव्हतं. मावशींनी गळ्यातलं गहाण टाकलं होतं. आणि त्यांच्या पगारातून दर महिन्याला ईएसआयचे पैसे कापले जात होते! म्हणजे त्यांना आणि त्यांच्या नवऱ्याला कामगार विम्यातून उपचार मिळू शकत होते. ठेकेदारानं त्यांना कार्ड दिलं नव्हतं, समजावून सांगितलं नव्हतं. पण ठेकेदाराच्या बिलासोबत ईएसआय भरल्याचं चलन दर महिन्याला माझ्याच टेबलावरून जात होतं. त्यावर सही मी करत होते. वही घेऊन सगळ्यांकडे फिरले, पण आपल्याच कपाटातली फाइल उघडून बघायचं मला सुचलं नाही.

तेव्हापासून आमच्या ऑफिसात पैसे गोळा करायची पद्धत बदलली. ती कशी, ते आता एकेक करून सांगते.

पहिली गोष्ट, पैशांच्या आधी हक्क बघा. आजारपणासाठी मदत करायची असेल तर वही काढण्यापूर्वी चार ठिकाणी चौकशी करा. ज्यांचा पगार सध्या दरमहा 21,000 रुपयांपर्यंत आहे आणि जिथं ईएसआय लागू आहे, तिथं कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के रक्कम भरली जाते. ठेकेदाराच्या कामगारांनाही हे लागू असतं. पगाराची स्लिप बघा, विमा क्रमांक विचारा. दुसरं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ठरावीक आजारांवर, योजनेत असलेल्या रुग्णालयांत मोफत उपचार होतात. तिथं ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसलेला असतो, त्याला जाऊन भेटायचं. तिसरं, धर्मादाय रुग्णालयं. मुंबई उच्च न्यायालयानं मान्य केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. चौथं, मुख्यमंत्री सहायता निधी. त्यासाठी रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि इतर कागद जोडून अर्ज करावा लागतो.

घरात माणूस आजारी असताना बाईला ही धावपळ सुधरत नाही. ऑफिसातल्या दोघींनी एक दिवस रजा टाकून तिच्यासोबत फिरणं ही कधी कधी साठ हजारांपेक्षा मोठी मदत असते. मग गोळा केलेले पैसे कशाला? तर ज्याला कुठलीच योजना पुरत नाही त्याला. गावाहून येण्या-जाण्याचं भाडं, दवाखान्याबाहेर राहणाऱ्याचा डबा, बुडालेली मजुरी, घरी आल्यावरची औषधं. ही यादी त्या व्यक्तीला विचारून करा. आणि ‘आम्ही तुमच्यासाठी मदत गोळा केली तर चालेल का?’ हेही तिलाच विचारा. तिनं नको म्हटलं तर तिथंच थांबा.

दुसरी गोष्ट, देणाऱ्याला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. 2018 साली केरळात महापूर आला. तिथल्या सरकारनं कर्मचाऱ्यांना एक महिन्याचा पगार मदत म्हणून द्यायचं आवाहन केलं. हेतू चांगलाच होता. पण ज्यांना द्यायचा नाही त्यांनी तसं लिहून द्यावं, अशी अट होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि त्या अटीला स्थगिती मिळाली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथंही स्थगिती कायम राहिली. नकार लिहून द्यायला लावणं म्हणजे माणसाला चारचौघांत उघडं पाडणं. आपली वही तरी वेगळं काय करत होती?

म्हणून आता आम्ही वही काढत नाही. एकाच आकाराची, एकाच रंगाची पाकिटं आणतो. साहेबांपासून कँटीनपर्यंत प्रत्येकाला एक. त्यावर नाव लिहायचं नाही. पैसे घालायचे की रिकामंच परत करायचं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मात्र पाकीट प्रत्येकानं डब्यात टाकायचं, म्हणजे कुणी दिले आणि कुणी दिले नाहीत ते कळत नाही. डबा कुलपाचा, आणि तो वरिष्ठांच्या केबिनमध्ये कधीही ठेवायचा नाही. ज्याच्या हातात आपली रजा आणि पगारवाढ आहे त्याच्यासमोर कुणी मोकळ्या मनानं देत नाही. व्यवस्थापनाची लेखी परवानगी मात्र आधी घ्यायची.

आता पुष्कळ जण मोबाइलवरून पैसे पाठवतात. त्यात नाव आणि रक्कम दोन्ही दिसतात. म्हणून तो हिशेब बघणारी व्यक्ती एकच हवी, आणि तिनं तोंड बंद ठेवायचं. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायला आमच्याकडे सक्त मनाई आहे. एकानं टाकला की दुसऱ्याला टाकावाच लागतो, आणि वही पुन्हा मागच्या दारानं आत येते.

तिसरी गोष्ट, पैसे कुणाच्या एकटीच्या खात्यात नकोत. भिशी चालवणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. पैसा चोख असला तरी संशय यायला वेळ लागत नाही. दोघींच्या नावानं, दोघींच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत असं खातं काढा. डबा उघडताना तिघं हजर हवेत, आणि त्यातलं एक जण दुसऱ्या विभागातलं. मोजून झालं की कागदावर रक्कम लिहायची, तिघांनी सह्या करायच्या. आठ दिवसांच्या आत फलकावर हिशेब लावायचा: जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. देणाऱ्यांची नावं नाहीत, घेणाऱ्याचंही नाही. शिल्लक राहिली तर तिचं काय करायचं, तेही सुरुवातीलाच ठरवा. पैसे हातात आल्यावर ठरवायला बसलात तर वाद होतात.

चौथी गोष्ट, मदत संस्थेला करायची असेल तेव्हाची. वसतिगृह, वृद्धाश्रम, अंध मुलांची शाळा. तिथं आम्ही खाऊचा स्टॉल लावतो. पण त्यातही हिशेब करा, मैत्रिणींनो. समजा, 40 बशा थालीपीठ 50 रुपयांनी विकलं. 2,000 रुपये आले. भाजणी, लोणी, तेल, गॅस, कागदी बशा धरून 900 खर्च झाला, तर संस्थेला 1,100 मिळाले. आणि पहाटे चारला उठून भाजणी मळणाऱ्या दोघींच्या कष्टांचं काय? ते आपण हिशेबात धरतच नाही. पुरुष सहकारी खातात, पैसे देतात आणि दानशूर ठरतात. आम्ही आता खर्चाचे पैसे आधी वजा करून करणारीला देतो आणि विकायला, भांडी आवरायला पुरुषांच्या पाळ्या लावतो. पहिल्या वर्षी हसले, आता आपणहून नाव देतात. याहून सोपं हवं असेल तर रद्दी गोळा करा. घरोघरी साठलेली रद्दी महिन्यातून एकदा ऑफिसात आणायची आणि एकदम विकायची. त्यात कुणाच्याच खिशाला चाट पडत नाही.

एक मात्र टाळा. बक्षिसाची सोडत काढून तिकिटं विकू नका. परवानगीशिवाय सोडत चालवणं कायद्यानं गुन्हा आहे. आणि ऑफिसाच्या बाहेर, लोकांकडून वर्गणी गोळा करायची ठरवलीत तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करा. गणेश मंडळं वर्गणीसाठी परवानगी घेतात ती याच कायद्याखाली.

करसवलतीबद्दल लोक हमखास विचारतात. एखाद्या व्यक्तीला केलेल्या मदतीवर सवलत मिळत नाही. मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, तीही जुनी करपद्धत निवडलेल्यांना, आणि 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर नाही. त्यामुळे मोठी रक्कम देणाऱ्यानं ती थेट संस्थेला चेकनं द्यावी आणि स्वतःच्या नावाची पावती घ्यावी.

पावतीवरून आठवलं. 1896 साली अण्णासाहेब कर्व्यांनी विधवा स्त्रियांसाठी संस्था सुरू केली. त्यांच्या संस्थेसाठी आजही भाऊबीज निधी गोळा होतो. कार्यकर्ते ओळखीच्या घरांत, कार्यालयांत पावतीपुस्तक घेऊन जातात. एकेकाची रक्कम लहान असली तरी चालते. पण दिलेल्या पैशाची पावती मिळते, आणि भाऊबीज म्हणून दिलेल्या पैशात उपकाराची भाषा नसते. आपल्यालाही तेच साधायचं आहे.

शेवटची गोष्ट, फोटो. धनादेश हातात देताना, हार घालताना फोटो काढू नका. मदतीसाठी मेसेज पाठवताना रुग्णाचे रिपोर्ट, आधार कार्ड, फोन नंबर टाकू नका. मेसेज एकदा पुढं गेला की वर्षानुवर्षं फिरत राहतो. माणूस बरा होऊन कामाला लागतो, तरी त्याची गरिबी लोकांच्या मोबाइलमध्ये तशीच राहते.

आमच्या मावशींचं पुढं काय झालं, ते सांगून थांबते. विमा क्रमांक शोधून काढला, कार्ड मिळालं. नवऱ्याची पुढची तपासणी आणि औषधं आता ईएसआयच्या दवाखान्यातून मिळतात. गळ्यातलं सोडवायला मात्र त्यांना दीड वर्ष लागलं. दर महिन्याला त्या थोडे थोडे पैसे बाजूला टाकत, आणि मी ते बघत होते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या वॉचमनचं घर पडलं. पाकिटं वाटली. मावशींनीही एक घेतलं आणि घडी करून डब्यात टाकलं. त्यात काही होतं की नव्हतं, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण त्या दिवशी टेबल पुसता पुसता त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, या वेळी मीपण आहे बरं का.’

तुमच्या ऑफिसात पुन्हा कुणी वही काढली तर एवढं आठवा. आधी फाइल उघडा, मग पाकिटं आणा.