रात्री दार वाजलं तर

रात्रीचे साडेअकरा. दहा बाय बाराची भाड्याची खोली. मुलं झोपलेली. बाहेरून पत्र्याच्या दारावर थाप पडते, मग लाथ. "उघड, माझं घर आहे." चार महिन्यांपूर्वी मारहाण करून निघून गेलेला माणूस दारू पिऊन परत आलेला असतो. शेजारी जागे होतात, पण दिवे लावत नाहीत. आतली ताई विचार करते : उघडलं तर मार, नाही उघडलं तर वस्तीत तमाशा. शेवटी ती कडी काढते.

ही कुणा एकीची गोष्ट नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत, प्रत्येक गल्लीत हे दार वाजतं. आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. कारण हा आधी तब्येतीचा प्रश्न आहे आणि मग कोर्टाचा.

शरीर काय सोसतं

मार फक्त अंगावरच्या वळात राहत नाही. रोज रात्री "आज येईल का" या धास्तीनं झोपणाऱ्या बाईची झोप तुटते, डोकं दुखतं, छातीत धडधडतं, पाठ-कंबर धरते, जेवण जात नाही. गरोदर बाईला मारहाण झाली तर गर्भपात, वेळेआधी बाळंतपण, कमी वजनाचं बाळ, असे धोके वाढतात. मुलं मार बघतात, ऐकतात. मोठं झालेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं, शाळेत लक्ष लागत नाही, पोट दुखतं म्हणतं. बाईला सारखं रडू येणं, जगणं नकोसं वाटणं, हेही या त्रासाचंच दुखणं आहे, तिचा कमकुवतपणा नव्हे. मनाच्या त्रासासाठी 14416 या टेलिमानस क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. गळा दाबला असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, मानेवर खूण दिसत नसली तरी. आवाज बसणं, गिळताना दुखणं, श्वास लागणं, डोळ्यांत लाल ठिपके, चक्कर, त्या वेळी लघवी होऊन जाणं, ही धोक्याची लक्षणं आहेत. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली तर काही दिवसांनीही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. शिवाय ज्यानं एकदा गळा धरला, त्याच्या हातून जीव जाण्याचा धोका पुढे कितीतरी वाढलेला असतो.

दुसरं, बाई वेगळी होते तेव्हा मार थांबतोच असं नाही. वेगळं होण्याच्या सुमारास आणि त्यानंतरचे काही महिने धोका उलट जास्त असतो. म्हणून "आता गेला ना, सुटलीस" असं म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये.

भाड्याचं घर कुणाचं?

"भाडेकरार त्याच्या नावावर आहे, डिपॉझिट त्यानं भरलं, मग मी त्याला कशी अडवू?" हा प्रश्न सगळ्यात जास्त ऐकू येतो.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. ज्या घरात बाई त्या माणसाबरोबर राहिली ते सामाईक घर, असं हा कायदा म्हणतो. घर मालकीचं असो वा भाड्याचं, करार दोघांच्या नावावर असो वा एकट्या त्याच्या, तिथं राहण्याचा हक्क तिला आहे. कलम 17 प्रमाणे कायद्याच्या मार्गाखेरीज तिला तिथून हाकलता येत नाही.

कलम 19 खाली न्यायदंडाधिकारी निवासाचा आदेश देतात. त्यात काय मागता येतं ते पाहा :

– त्यानं घरातून बाहेर पडावं आणि तिच्या राहत्या जागेत त्यानं किंवा त्याच्या नातेवाइकांनी येऊ नये.
– त्यानं खोली दुसऱ्याला देऊ नये, कोर्टाच्या परवानगीशिवाय भाड्याचा हक्क सोडू नये. बरेच जण रागानं मालकाकडे जाऊन "मी खोली सोडतो, डिपॉझिट द्या" म्हणतात. तो मार्ग इथं बंद होतो.
– भाडं आणि घराचा इतर खर्च त्यानं द्यावा.
– त्या घरात राहणं शक्यच नसेल, तर तशाच दर्जाची दुसरी जागा घेऊन द्यावी किंवा तिचं भाडं भरावं.
– जवळच्या पोलीस ठाण्यानं तिला संरक्षण द्यावं.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. घरातून बाहेर काढण्याचा आदेश कुठल्याही बाईविरुद्ध, म्हणजे सासू-नणंदेविरुद्ध, मिळत नाही. आणि घरमालक हा या भांडणातला पक्ष नाही. कराराची मुदत संपली तर हा कायदा मालकावर जबरदस्ती करत नाही. म्हणून मुदत संपायच्या आधीच मालकाशी बोलून पुढचा करार स्वतःच्या नावावर करून घ्या. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. भाडं शक्यतो स्वतःच्या खात्यातून द्या, रोख दिलं तर पावती घ्या.

लग्नाचा दाखला नाही, मग?

आपल्याकडे बरीच लग्नं विहारात बौद्ध पद्धतीनं लागतात आणि नोंदणी राहून जाते. या कायद्याखाली अर्ज करायला नोंदणीचा दाखला ही अट नाही. लग्नाचे फोटो, पत्रिका, हजर असलेले लोक, मुलांच्या जन्मदाखल्यावरचं वडिलांचं नाव, दोघांची नावं असलेलं रेशनकार्ड, हा सगळा पुरावा आहे.

लग्न न करता नवरा-बायकोसारखे राहत असाल तरी कायदा संरक्षण देतो. मात्र त्या माणसाचं आधीचं लग्न कायम असेल, तर कोर्ट प्रत्येक प्रकरणाची परिस्थिती पाहून ठरवतं. म्हणून वकिलाला पहिल्याच दिवशी खरं सांगा. घटस्फोट झाला किंवा एकत्र राहणं थांबलं म्हणून आधीच्या हिंसेबद्दलचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 आणि 2022 च्या निकालांत सांगितलं आहे.

अर्ज कुठं आणि कसा

तीन दारं आहेत, कुठूनही सुरुवात करा.

पहिलं, *संरक्षण अधिकारी*. महिला व बालविकास विभागाचे हे अधिकारी कौटुंबिक घटना अहवाल भरून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. पत्ता 181 या महिला हेल्पलाइनवर मिळतो.

दुसरं, *सरकारी दवाखाना*. मुंबईत महापालिकेच्या काही रुग्णालयांत दिलासा केंद्रं आहेत. पहिलं केंद्र वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं. तिथं समुपदेशक ताई ऐकून घेतात आणि पुढची वाट सांगतात. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं. दवाखान्यात "जिन्यावरून पडले" म्हणू नका. कुणी, कशानं, कधी मारलं ते डॉक्टरांना सांगा आणि केसपेपरवर लिहायला लावा. तो कागद पुढे कोर्टात बोलतो. पोलीस तक्रार केली नाही म्हणून दवाखाना उपचार नाकारू शकत नाही.

तिसरं, *पोलीस ठाणे*. महाराष्ट्रातल्या अनेक पोलीस ठिकाणी महिला व मुलांसाठी विशेष कक्ष आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर हे काम सुरू केलं. पोलिसांनी "नवरा-बायकोचं भांडण आहे, घरी जा" म्हणून परत पाठवणं बरोबर नाही. या कायद्याची आणि मोफत वकिलाची माहिती बाईला देणं हे त्यांचं काम आहे.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. क्रमांक 15100. तुम्ही जिथं राहता, अगदी तात्पुरत्या माहेरी राहत असाल तरी, तिथल्या कोर्टात अर्ज चालतो.

कायद्याप्रमाणे पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून वकिलाला सांगून कलम 23 खाली अंतरिम आदेश पहिल्याच दिवशी मागा. धोका मोठा असेल तर समोरच्याला न ऐकताही, तुमच्या शपथपत्रावर तो देता येतो.

आणि हे विसरू नका : निवासाच्या आदेशाबरोबर कलम 18 चा संरक्षण आदेशही मागा. त्यानं मारू नये, फोनवरून त्रास देऊ नये, तुमच्या कामावर किंवा मुलांच्या शाळेत येऊ नये, असं त्यात लिहून घ्या. कारण संरक्षण आदेश मोडला तर कलम 31 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. नुसत्या निवासाच्या आदेशाला ही धार तितकी सरळ लागत नाही.

कुलूप बदलावं का?

करार फक्त तुमच्या नावावर असेल आणि तो राहायला दुसरीकडे गेला असेल, तर मालकाला सांगून कुलूप, कडी-कोयंडा बदला. करारात त्याचं नाव असेल तर आधी कोर्टाचा आदेश घ्या, मगच कुलूप बदला. नाहीतर तो "मला घराबाहेर काढलं" म्हणून उलट तक्रार करेल. तोवर रात्री आतली कडी लावून झोपण्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आदेश हातात आल्यावर

आदेशाची प्रत मोफत मिळते. एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या, एक घरमालकाला द्या, एक विश्वासू शेजारणीकडे ठेवा, फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

दार वाजलं तर उघडू नका. दारातून वाद घालू नका. 112 लावा आणि एकच वाक्य बोला : "माझ्याकडे कोर्टाचा आदेश आहे, तो माणूस दारात आहे, घरात मुलं आहेत." पत्ता सांगताना जवळची खूण सांगा, नळ, विहार, शाळा, कारण वस्तीत पोलिसांना गल्ली सापडत नाही. नंतर वहीत तारीख, वेळ, तो काय बोलला, कुणी पाहिलं ते लिहा. त्याचे मेसेज, कॉल पुसू नका.

"मुलांना भेटायला आलो" हे सगळ्यात सोपं निमित्त असतं. भेट घरात नको. भेटीची वेळ आणि जागा कोर्टाकडून ठरवून घ्या. मुलांना धोका असेल तर कोर्ट भेट नाकारूही शकतं.

एक पिशवी तयार ठेवा : आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, मुलांचे शाळेचे कागद, पासबुक, भाडेकरार, केसपेपर, रोजच्या गोळ्या, थोडे पैसे. ही पिशवी शेजारणीकडे असलेली बरी. तिच्याशी एक खूण ठरवा. भिंतीवर तीनदा ठोकलं किंवा मुलानं "मावशी, साखर आहे का" विचारलं, की तिनं 112 लावायचा. मोबाईलचा पासवर्ड बदला. तुम्ही कुठं आहात हे त्याला फोनवरून दिसत नाही ना, ते तपासून घ्या.

वस्तीनं काय करावं

आता थोडं आपल्या सगळ्यांबद्दल. अशा वेळी मंडळाचे चार जण बसतात, दोघांना समोरासमोर बसवतात, त्याला "पुन्हा करू नको" म्हणतात आणि तिला "सांभाळून घे" म्हणतात. रात्री तो तिच्याबरोबर घरी जातो आणि बैठकीतले चौघे आपापल्या घरी जातात. मार खाणाऱ्या बाईला मारणाऱ्यासमोर बसवून खरं बोलायला लावणं हा न्याय नाही. तिला आधी एकटीला, बायकांनी भेटावं. तिला काय हवं ते विचारावं. ती थांबायचं म्हणाली तरी तिची साथ सोडू नये, कारण बाई एका दिवसात निर्णय घेत नाही.

शेजाऱ्यांनी दिवा लावावा. दार उघडून चार जणांनी बाहेर उभं राहावं. हाणामारी करायची गरज नाही, नुसतं दिसलं पाहिजे की लोक जागे आहेत. त्याचे निरोप तिच्यापर्यंत पोहोचवू नयेत, तिच्या कामाची वेळ त्याला सांगू नये, जुनी किल्ली त्याला देऊ नये. पुढे साक्ष द्यायची वेळ आली तर मागे सरू नये. आणि त्याच्या मित्रांनी, भावांनी, चुलत्यांनी त्याला त्या रात्री आपल्या घरी झोपायला न्यावं. "तिकडे जाऊ नको" हे सांगण्याचं काम त्यांचं आहे, तिचं नव्हे.

रविवारी विहारात महिला मंडळ जमतं. पुढच्या रविवारी पंधरा मिनिटं काढा. 112, 181, 15100 हे तीन आकडे मोठ्या अक्षरात लिहून फळ्याशेजारी लावा. आपल्या भागाच्या संरक्षण अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता काढून त्याखाली लिहा. ज्या ताईला त्याची गरज आहे ती त्या दिवशी काही बोलणार नाही. पण जाता जाता ती आकडे वाचेल. आणि पुढच्या वेळी रात्री दार वाजेल तेव्हा तिचा हात कडीकडे जाणार नाही, फोनकडे जाईल.