प्रश्न फडातला, गाइड कुठून आणायचा?

बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2019 साली सुरू झाले. पुढे त्याला अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. पहिल्या तुकडीला 100 जागा होत्या. एमबीबीएसचा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमही त्याच वर्षी देशभर लागू झाला. त्यामुळे इमारत नवी, अभ्यासक्रम नवा, आणि पहिले वर्ष पुरे व्हायच्या आत करोना. अशा धामधुमीत विद्यार्थ्याला संशोधन कोण शिकवणार, हा प्रश्न मागे पडला यात नवल नाही.

संशोधन मात्र या तालुक्याला नवखे नव्हते. फक्त ते पिकांचे होते. शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्र 1992 पासूनचे. 2009 मध्ये माळेगावच्या खडकाळ माळावर राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आली. दुष्काळ आणि खारवट जमिनीत पीक कसे तगते, हे तिथले शास्त्रज्ञ पाहतात. कृषी विज्ञान केंद्रात आलेल्या नव्या तज्ज्ञाला वाण घेऊन थेट शेतकऱ्याच्या रानात जावे लागते. तिथे चाचणी, ती जमली तर प्रात्यक्षिक, आणि मगच शिफारस. ‘पाणी किती लागंल?’ या एका सवालावर भलेभले आकडे कोसळतात. प्रयोगशाळेतले ज्ञान माणसापर्यंत नेण्याचे शिक्षण बारामतीने असे आधी शेतीत घेतले.

वैद्यकात निरीक्षणापासून उपचारापर्यंतची अशी साखळी ग्रामीण महाराष्ट्रात घडली ती तुरळक, आणि बहुधा एखाद्या माणसाच्या हट्टामुळे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली. 1982 मध्ये ती निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. मोठी गोष्ट, पण ती वाचून ‘संशोधन एकट्यानेच करायचे असते’ असा समज होतो, आणि तो घातक आहे.

मला जास्त मोलाचे वाटते ते पुणे जिल्ह्यातलेच वढू बुद्रुक. डॉ. बानू कोयाजींच्या पुढाकाराने पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण काम 1970च्या दशकात तिथे रुजले. 2002 पासून गावोगावच्या जन्म-मृत्यूंची, स्थलांतराची सलग नोंद सुरू झाली. रोटाव्हायरसच्या भारतीय लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी देशात तीन ठिकाणी झाली, एकूण 6,799 बाळांवर. वढूचा पट्टा त्यातला एक. अशा ठिकाणी तरुण डॉक्टर कागदी काम शिकतो: संमतिपत्र आईला समजेल अशा भाषेत वाचणे, बाळ आजारी पडले की वेळेत कळवणे, चुकलेली नोंद न खोडता शेजारी तारीख घालून दुरुस्त करणे. हे पुस्तकात असतेच, पण हाताला वळण लागते ते जुना माणूस शेजारी बसला तरच.

बारामती-इंदापुरात विषयांना तोटा नाही. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर, बिजवडी अशा कारखान्यांच्या भोवती दर हिवाळ्यात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहतात. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांत मधुमेह-रक्तदाबाशी नाते नसलेला मूत्रपिंडाचा आजार आढळला, तेव्हा उन्हातल्या अंगमेहनतीकडे जगाचे लक्ष गेले. आपल्याकडे 2019 मध्ये नीलम गोऱ्हे समितीने बीडच्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढल्याचे नोंदवले. त्याच बीड जिल्ह्यातल्या टोळ्या इथल्या फडात येतात.

अशा कोपीपाशी संमती घ्यायला गेलेल्या विद्यार्थ्याला पहिला भेटतो टोळीचा मुकादम. तो सगळ्यांच्या वतीने ‘घ्या की, काय अडचण नाही’ म्हणतो, आणि अंगठे पटापट उठतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली बाई त्याच्यासमोर नाही म्हणेल कशी? ती संमती खरी नव्हे, हे एथिक्स कमिटीच्या कागदावरून कळत नाही. मुकादम पाणी आणायला गेल्यावर बाईशी पुन्हा बोलायचे, हे संशोधनाच्या मार्गदर्शकाने, गाइडने, सांगावे लागते.

सोयी नाहीत असे नाही. आयसीएमआरची पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन शिष्यवृत्ती 1979 पासून आहे: दोन महिने, एक प्रश्न, एक गाइड. पण ते दोन महिने बहुधा उन्हाळा-पावसाळ्याकडे पडतात. तोवर गाळप आटोपून टोळ्या गावी परतलेल्या असतात. 2021-22 पासून प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबे दत्तक घ्यायची असतात. तीही साहजिकच पक्क्या घरातली, कोपीतली नव्हेत. गाइडचे म्हणाल, तर नव्या शासकीय महाविद्यालयांत बदल्या, कंत्राटी नेमणुका नि तपासणीपुरत्या प्रतिनियुक्त्या नेहमीच्याच. सिनॉप्सिसवर सही एकाची, अहवाल तपासणारा दुसरा.

तुकडीचा मुक्काम साडेचार वर्षांचा, पुढे इंटर्नशिप. म्हणजे गाळपाचे चार-पाच हंगाम हाताशी येतात. एकाच कारखान्याच्या टोळ्यांची दर नोव्हेंबरला आणि मार्चला लघवी-रक्ताची तपासणी केली, वही एका तुकडीने दुसरीकडे सोपवली, आणि दोन शिक्षक तेवढा काळ जागेवर राहिले, तर शहरातल्या कॉलेजांना सहज मिळणार नाही अशी नोंद इथे तयार होईल. यातला खर्चाचा भाग फारसा अवघड नाही. अडते ते शिक्षक जागेवर राहण्यापाशी.