155 सेंटिमीटरची फूटपट्टी

ठेंगणी बाई एक तर बुजरी, नाहीतर भांडखोर असते, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगणाऱ्यांना त्यातला विरोध दिसत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मुचकुंदी नदीच्या मुखावर पूर्णगड आहे. तिथे काय किंवा कोकणातल्या कुठल्याही बंदरावर काय, मासळी विकणाऱ्या बाईने भाव सांगितला की गिऱ्हाईक तिची उंची मोजत बसत नाही. पाटी तिची, पैसा तिच्या कनवटीला, म्हणून आवाजही तिचा.

इंग्लंडमधील वेसेक्स भागात बुटक्या मुलामुलींचा शाळाप्रवेशापासून तरुणपणापर्यंत अभ्यास झाला. 2004 साली निष्कर्ष आला की, त्यांच्या व्यक्तिमत्त्वावर उंचीचा लक्षणीय परिणाम झालेला नाही. शाळेत त्यांना इतरांपेक्षा जास्त छळले गेले, हे मात्र त्याआधीच दिसले होते. मग दोष कोणाचा? उंचीचा की छळणाऱ्याचा?

आपले वधू-वर मेळावे तरी कुठे सुटलेत? जातीचा रकाना खोडणारा शिकलेला बाप उंचीच्या रकान्यावर अडून बसतो. पाच फुटांची पदवीधर मुलगी चार वेळा नाकारली गेली की मान खाली घालते, आणि मग लोक म्हणतात, स्वभावच बुजरा!

नागपूरच्या ज्योती आमगे यांची उंची 62.8 सेंटिमीटर. 16 डिसेंबर 2011 रोजी, अठराव्या वाढदिवशी, गिनेसने त्यांना जगातील सर्वात बुटकी स्त्री म्हणून नोंदवले. पुढे त्यांनी अमेरिकन मालिकेत काम केले. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत लोकांनी घरात बसावे म्हणून नागपूर पोलिसांनी याच ज्योतीताईंना आवाहन करायला लावले. शब्दाला वजन होते म्हणूनच ना? त्याच पोलीस दलात शिपाई व्हायला स्त्रीला 155 सेंटिमीटरची सर्वसाधारण अट आहे!

आणि ही उंची खुंटते कुठे? 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 145 सेंटिमीटरपेक्षा बुटक्या स्त्रियांचे प्रमाण गरीब घरांत श्रीमंत घरांपेक्षा अधिक आढळले. पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार हाडात उतरते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने वैद्यकीय वा जनुकीय कारणाने 147 सेंटिमीटर किंवा त्याहून कमी राहिलेल्यांना संरक्षण दिले, हे योग्यच झाले. पण अर्धपोटी वाढून 150 वर थांबलेली आपली मुलगी त्या कायद्यात बसत नाही आणि भरतीतही बसत नाही. तिला पट्टीपाशीच बाहेर काढतात. ती धावते किती, हे कोणी पाहतच नाही.